घरी केलेले बदल अंगाशी आले तर: बाइकमधला दोष असा शोधा

सेल्फ मरतोय म्हणून बॅटरी बदलली, नवी बॅटरीही महिन्यात बसली, मग मॅग्नेट कॉइलवर (इंजिन चालू असताना वीज बनवणारी) संशय. बऱ्याचदा खरं कारण सहा महिन्यांपूर्वी थेट बॅटरीवर जोडलेला जीपीएस ट्रॅकर असतो. गाडीत घरी बदल केले असतील तर दोष शोधण्याची सुरुवात गाडीपासून नाही, त्या बदलांपासून करायची.

आधी कागदावर यादी करा. काय लावलं, करंट कुठून घेतला, कोणती मूळ वायर कापली, काढलेला पार्ट अजून घरात आहे का. मग शेवटचा बदल सर्वांत आधी उलटवा: फ्यूज काढा, कपलर सोडवा, जुना सायलेन्सर परत बसवा. गाडी चालवून पाहा. त्रास गेला तर दोष सापडला. नाही गेला तर त्याच्या आधीच्या बदलाकडे वळा. एका वेळी एकच गोष्ट. कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) आणि प्लग एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोध.

हातात एक साधा डिजिटल मल्टिमीटर हवा आणि दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा इंडिकेटर बल्ब हवा. मीटर व्होल्ट दाखवतो, पण गंजलेल्या वायरीतूनही १२ व्होल्ट दिसतात. त्या वायरीतून खरोखर करंट वाहतो का, ते बल्ब सांगतो.

बॅटरी उतरते

तीन मोजमापं घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू करून ३ ते ४ हजार आरपीएमला बॅटरीच्या टर्मिनलवर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) गेला आहे किंवा त्याची अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर, सुटली आहे, आणि अशी गाडी तशीच चालवली तर बॅटरीतलं पाणी उकळतं. तिसरं मोजमाप सगळी जोडलेली उपकरणं चालू ठेवून, त्याच आरपीएमला. १३.२ च्या वर राहिलं तर ठीक. १२.८ च्या खाली घसरलं तर गाडी जेवढं बनवते त्यापेक्षा जास्त खाते. अशा वेळी कितीही मोठी बॅटरी बसवली तरी ती थोडी उशिरा उतरेल, एवढाच फरक.

तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि तरी चार दिवस उभी राहिली की गाडी उठत नाही, तर चावी बंद असताना कुठेतरी गळती आहे. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि मीटर त्या वायरीच्या व टर्मिनलच्या मध्ये जोडा. या अवस्थेत चावी फिरवायची नाही, सेल्फ तर अजिबात मारायचा नाही. मीटरचा फ्यूज उडेल. आकडा काही मिलिअँपिअरपर्यंत असेल तर चालेल. २० च्या पुढे असेल तर जोडलेली उपकरणं एकेक करून सोडवत जा. हिशेब सोपा आहे: ४ एएचच्या (अँपिअर-अवर) बॅटरीतून २० मिलिअँपिअर सतत गेले तर २०० तासांत, म्हणजे आठ-साडेआठ दिवसांत ती पूर्ण रिकामी होते. सेल्फ त्याच्या निम्म्या वेळातच हार मानतो. यूएसबी चार्जरवर निळा दिवा सतत जळत असेल, तर तो चावीच्या आधीच्या वायरीवर जोडलेला आहे. चावी ऑन केल्यावरच करंट येणाऱ्या वायरीवर तो हलवा. टेल लॅम्पची वायर बऱ्याच गाड्यांत यासाठी सोयीची पडते.

फॉग लाइट आणि हॉर्न

मंद उजेड, गरम स्विच, वितळलेला कपलर या तक्रारींचं मूळ बहुधा बारीक वायर असते. ४०-४० वॉटचे दोन फॉग लाइट म्हणजे ८० वॉट, १२ व्होल्टला साडेसहा अँपिअरच्या आसपास. बॅटरीपासून दिव्यापर्यंत दोन मीटर जायची आणि दोन मीटर परतीची वायर धरा. ०.५ स्क्वेअर एमएमच्या वायरीत जवळपास १ व्होल्ट वाटेतच जळतो. १.५ स्क्वेअर एमएम घेतली तर ०.३ व्होल्टवर भागतं. दुकानदार ‘ऑटो वायर द्या’ म्हटलं की हाताला लागेल ती देतो, म्हणून मापाने मागा.

हेडलाइटच्या मूळ स्विचमधून एवढा करंट न्यायचा नाही. ३० अँपिअरचा चार पायांचा रिले घ्या, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. पायांवर नंबर असतात. ३० नंबरवर बॅटरीची पॉझिटिव्ह, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज, आणि तो बॅटरीपासून वीतभराच्या आत. वायर वाटेत फ्रेमला घासून शॉर्ट झाली तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला भाग असुरक्षितच राहतो, म्हणून हे अंतर महत्त्वाचं. ८७ वरून दिव्यांकडे. ८६ वर स्विचमधून आलेली, चावीनंतरची वायर. ८५ अर्थ. रिलेचे पाय खालच्या बाजूला येतील असा टांगा, नाहीतर पावसाचं पाणी सॉकेटमध्ये साठतं.

दिवा लागत नसेल तर कान लावा. स्विच दाबल्यावर रिले टक् करतो पण दिवा नाही: दोष ३० किंवा ८७ च्या बाजूला, म्हणजे फ्यूज, जाड वायर किंवा दिव्याची अर्थ. टक् आवाजच नाही: दोष ८५-८६ च्या बाजूला. आणि चावी काढल्यावरही रिले पकडून राहत असेल, तर ८६ ची वायर चावीच्या आधीच्या करंटवर आहे. रिलेची कॉइल सुमारे १५० मिलिअँपिअर घेते, एका रात्रीत छोट्या बॅटरीची वाट लागते.

हॉर्नच्या बाबतीत लोक एका ठिकाणी हमखास फसतात. काही गाड्यांत हॉर्नचं बटण पॉझिटिव्ह जोडतं, काहींत हॉर्नला पॉझिटिव्ह कायम असते आणि बटण अर्थ जोडतं. मित्राच्या गाडीवर चाललेली जोडणी आपल्या गाडीवर केली की हॉर्न सतत वाजतो, नाहीतर अजिबात वाजत नाही. यावर सोपा उपाय: जुन्या हॉर्नवरून निघालेल्या दोन्ही वायरी जशाच्या तशा ८५ आणि ८६ वर लावा. साध्या रिलेच्या कॉइलला पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा फरक पडत नाही (आत डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असलेला रिले असेल तर पडतो), त्यामुळे बटण कुठल्याही प्रकारचं असो, रिले पकडतो. नव्या हॉर्नच्या जोडीला ३० व ८७ मधून, १५ अँपिअरच्या फ्यूजसह, स्वतंत्र करंट द्या. रिलेशिवाय जोडी लावली असेल आणि हॉर्न आता घोगरा किंवा अधूनमधून वाजत असेल, तर बटणाच्या आतले पॉइंट जळालेले असतील. बारीक पॉलिश पेपरने साफ होतात, पण रिले लावेपर्यंत पुन्हा जळणार. अनेक सुरांचे हॉर्न नियमात बसत नाहीत. ते कितीही नीट जोडले तरी चलन होतं.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून १० च्या जागी २० चा घालणं, किंवा त्याहून वाईट म्हणजे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, हा इलाज नव्हे. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

एलईडी

एलईडी इंडिकेटर लावल्यावर ते भराभर मिचकायला लागतात, कारण मूळ फ्लॅशर १०-१० वॉटच्या दोन बल्बांचा करंट धरून चालतो. एलईडी एक-दोन वॉटचे. फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला. एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवा. तीन पायांचा असेल तर त्याची अर्थची वायर जोडायला विसरू नका. समांतर रेझिस्टर लावूनही वेग सुधारतो, पण तो तापतो आणि एलईडीने वाचवलेली वीज उष्णतेत घालवतो.

फ्लॅशर बदलला तरी एक विचित्र प्रकार उरतो: डावीकडचं बटण दाबलं की चारही दिवे मिचकतात. ज्या गाड्यांच्या मीटरवर दोन्ही बाजूंसाठी एकच इंडिकेटरचा दिवा असतो, तिथे तो छोटा बल्ब डाव्या आणि उजव्या वायरीच्या मध्ये जोडलेला असतो. त्यातून पलीकडे जाणारा किरकोळ करंट जुने बल्ब पेटवू शकत नव्हता. एलईडीला तेवढाही पुरतो. दोन १एन४००७ डायोड घ्या, काही रुपयांना मिळतात. एक डाव्या वायरीतून बल्बकडे, दुसरा उजव्या वायरीतून बल्बच्या त्याच टोकाकडे, दोन्हींची पांढरी पट्टी बल्बच्या बाजूला. बल्बचं दुसरं टोक अर्थला. काम झालं.

हेडलाइटचा एलईडी हा वेगळा विषय. स्प्लेंडरसारख्या जुन्या कम्युटर गाड्यांत ३५/३५ वॉटचा हेडलाइट बॅटरीवर नाही, मॅग्नेट कॉइलच्या एसी करंटवर चालतो. इंजिन बंद केलं की विझतो, रेस वाढवली की उजळतो. त्यावर फक्त डीसीसाठी बनवलेला एलईडी लावला की आयडलिंगला तो थरथरतो आणि लवकर मरतो. एसी-डीसी दोन्हींवर चालणारा बल्ब घेतला की बहुतेकांचा प्रश्न तिथेच मिटतो.

काही जण हेडलाइट बॅटरीवर घेतात. मूळ ३५ वॉटचा बल्ब तसाच बॅटरीवर टाकला तर तो जवळजवळ ३ अँपिअर घेतो. एसीच्या फक्त अर्ध्या लाटेवर चार्ज करणारी कॉइल एवढं भरून काढू शकत नाही. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये बॅटरी उतरणारच. १० ते १५ वॉटचा एलईडी असेल तर जमतं. याहून पुढे जाऊन फुल वेव्ह (पूर्ण लाट वापरणारा) रेग्युलेटर बसवायचा असेल तर कॉइलचं बॉडीला टेकवलेलं टोक डाख काढून सोडवावं लागतं आणि कॉइलची दोन्ही टोकं रेग्युलेटरला द्यावी लागतात. रेग्युलेटर बदलला पण कॉइलची अर्थ तशीच ठेवली, तर अर्धी लाट बॉडीतून शॉर्ट होत राहते. लक्षण: रेग्युलेटर हात न लावण्याइतका तापतो, चार्जिंग १३ च्या खाली, आणि काही दिवसांत कॉइल काळी पडते. तपासायला कॉइलचं कपलर सोडवून कॉइलच्या वायरी आणि इंजिनची बॉडी यांच्यात रोध मोजा. फुल वेव्ह केल्यावर मीटरने जोड अजिबात दाखवता कामा नये.

पावसाळ्यात सुरू होणारे त्रास

जूनपर्यंत नीट चाललेली गाडी पहिल्या मोठ्या पावसात मिसिंग मारायला लागते, तेव्हा दोष बहुतेक वेळा हाताने पीळ देऊन टेप गुंडाळलेल्या जोडात असतो. कोकणात आणि घाटाखाली हे लवकर होतं. टेपच्या आत पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं, जोड बाहेरून शाबूत दिसतो. असे जोड डोळ्यांनी शोधत बसू नका, मोजा. दिवा चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं दिव्याच्या निगेटिव्हवर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थचा जोड खराब. तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दिव्याच्या पॉझिटिव्हपर्यंत; ०.५ च्या वर गेलं तर मधल्या प्रत्येक जोडावर मोजत पुढे सरका, जिथे आकडा उडी मारतो तो जोड कापून नवा करा. क्रिम्प केलेला लग आणि वर आतून चिकट असलेली हीट श्रिंक ट्यूब, हा टिकणारा जोड. अर्थचा लग रंगावर नाही, घासलेल्या धातूवर बसवा.

मागचा मडगार्ड काढून छोटी नंबर प्लेट लावलेल्या गाड्यांत सगळा चिखल सीटखालच्या कपलरवर, बॅटरीवर आणि शॉकवर उडतो. टेल लॅम्पच्या वायरी टायरच्या वर लोंबत असतील तर खड्ड्यात सस्पेंशन दबल्यावर टायर त्या सोलतो. मागे कुणी बसलं की फ्यूज उडतो, एकटं चालवताना नाही, असं असेल तर आधी तिथेच पाहा.

सायलेन्सर, फिल्टर आणि फटाके

रेस सोडल्यावर, विशेषतः उतारावर, फटफट आवाज येणं म्हणजे बेंड पाइपमध्ये (इंजिनपासून सायलेन्सरकडे जाणारा पाइप) न जळलेलं पेट्रोल आणि बाहेरची हवा एकत्र येऊन पेट घेत आहेत. लोक लगेच जेट बदलायला धावतात. आधी गॅस्केट पाहा. बेंड पाइप काढून परत बसवताना जुनी दबलेली गॅस्केट वापरली असेल तर तिथून हवा आत ओढली जाते. जोडाभोवती काळा काजळीचा डाग हा पुरावा. गाडी थंड असताना चालू करून जोडावर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे आले तर गळती. नवी गॅस्केट, दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. बीएस३-बीएस४ (भारत स्टेज प्रदूषण नियम) काळातल्या अनेक गाड्यांत एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी छोटी नळी एअर फिल्टरच्या डब्यातून येते. डबा काढून गोल फिल्टर लावताना ती उघडी राहिली तरी फटाके वाजतात. इंजिनची ब्रीदर नळीही तशीच उघडी सोडू नका. तिच्यावर छोटा फिल्टर लावून ती उंचावर बांधा.

गळती नाही हे ठरल्यावरच कार्ब्युरेटर. मोकळा सायलेन्सर किंवा मोकळा फिल्टर बसवला की हवा जास्त, पेट्रोल तेवढंच. मिश्रण पातळ होतं. प्लगचं टोक पांढरंफटक, इंजिन जास्त गरम, बेंड पाइप निळसर. उलट काजळीने काळा पडलेला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त. फिकट तपकिरी हवा. प्लग न काढताही अंदाज घेता येतो: त्रास होतो त्या वेगाला चोक किंचित ओढा. गाडी सुधारली तर मिश्रण पातळ आहे, आणखी बिघडली तर जाड.

रेस किती उघडी असताना त्रास होतो त्यावर कुठे हात घालायचा ते ठरतं. आयडलिंग ते आठवा हिस्सा: स्लो जेट आणि मिक्श्चर स्क्रू. पाव ते पाऊण: निडल. पाऊण ते पूर्ण: मेन जेट. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, मूळ जागा किती फेऱ्यांवर होती ते लिहून ठेवा, मग साधारण दोन फेरे बाहेर घेऊन गरम इंजिनवर पाव-पाव फेरा फिरवत सर्वांत स्थिर आयडलिंग शोधा. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर पेट्रोल वाढतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, बाहेर काढल्यावर पेट्रोल कमी होतं. यात गल्लत झाली की तासभर उलट्या दिशेने मेहनत होते. निडलला खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली सरकवा. निडल वर येते, पेट्रोल वाढतं. मेन जेट एका पायरीनेच मोठा घ्यायचा आणि चालवून प्लग पाहायचा. जेटमध्ये सुई किंवा ड्रिल घालून भोक वाढवू नका. मोजता येत नाही आणि परतही फिरता येत नाही. व्हॅक्यूम स्लाइडच्या कार्ब्युरेटरवर गोल फिल्टर लावल्यावर मधल्या रेसला गाडी लटकते. तिथे जेटशी झटत बसण्यापेक्षा मूळ डबा परत लावणं शहाणपणाचं.

कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर काढून बसवलं असेल तर आयडलिंगला तिथे साधं पाणी फवारा. रेस बदलली तर रबराला चीर आहे किंवा क्लॅम्प तिरका बसला आहे. कार्ब क्लीनर फवारूनही कळतं, पण शेजारी तापलेला बेंड पाइप असतो.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ गाड्या जवळजवळ सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या. तिथे बेंड पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण ठरवतो. सेन्सरला जागा नसलेला बेंड पाइप बसवून सेन्सर लोंबता ठेवला की त्याला सतत बाहेरची हवा दिसते. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवत राहतो, इंजिनचा दिवा लागतो, अॅव्हरेज पडतं, प्लग काळा. सेन्सरच्या अलीकडे गॅस्केट गळत असेल तरी हेच. उपाय म्हणजे सेन्सरची चुडी असलेला पाइप. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेली गाडी पीयूसीत अडकण्याची शक्यता असते, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) नुसार बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

इंजेक्शनच्या गाडीचं कॅफे रेसर करताना सीटखालचं सामान हलवलं आणि आता सेल्फ फिरतो पण गाडी उठत नाही? गाडी पडल्यावर इंजिन बंद करणारा टिल्ट सेन्सर आडवा किंवा उलटा बसला असेल. त्यावर वरची बाजू दाखवणारी खूण असते. साइड स्टँडचा स्विच कापून वायरी उघड्या सोडल्या असतील तर तोही इंजिन रोखतो.

हँडल, चेन, टायर

उंच किंवा रुंद हँडल लावल्यावर गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, हँडल दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवा. रेस आपोआप वाढली तर एक्सलरेटरची केबल आखूड पडते. ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही. इंजिन बंद पडलं किंवा हॉर्न गेला तर स्टिअरिंगपाशी वायरी ताणल्या किंवा चेंगरल्या आहेत. क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिमी ढिलाई सगळ्या स्थितींत राहायला हवी, नाहीतर क्लच घसरत राहतो आणि प्लेट जळतात. डिस्क ब्रेकची नळी ताणली जात असेल तर लांब नळीच घ्या. जोडाच्या दोन्ही बाजूंना नवे वॉशर, आणि झाकणावर लिहिलेल्या डॉट क्रमांकाचंच ऑइल.

पुढचं चेन स्प्रॉकेट १४ चं १५ केलं तर त्याच वेगाला इंजिन सुमारे ७ टक्के कमी फिरतं. सपाट रस्त्यावर बरं वाटतं, पण घाटात डबल सीट असताना क्लच अर्धा दाबून चालवावं लागतं. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. चेनची ढिलाई चाक फिरवत सर्वांत घट्ट जागी मोजा, बहुतेक कम्युटर गाड्यांना २० ते ३० मिमी.

८०/१०० १८ च्या जागी १००/९० १८ टायर घातला की बाहेरचा व्यास ६१७ वरून ६३७ मिमी होतो, म्हणजे गिअरिंग आणखी ३ टक्के लांबतं. त्याहून मोठी अडचण रिमची. १.६० किंवा १.८५ इंची रिम या टायरला अरुंद पडते, त्याला २.१५ किंवा जास्त हवी. अरुंद रिमवर टायर दबून गोल होतो आणि वळणावर गाडी आपणहून आत पडल्यासारखी वाटते. दाब कमी-जास्त करून हे जात नाही. टायर आणि चेन यांच्यात बोटभर जागा नसेल तर टायरच्या कडेला चमकदार घासलेली रेघ दिसते. एबीएस असलेल्या गाडीत चाक बसवल्यानंतर दिवा विझत नसेल तर टायरला दोष देण्याआधी सेन्सरच्या टोकावरचा चिखल आणि दात्यांच्या रिंगपासूनचं अंतर पाहा. चाकाचं कोणतंही काम केल्यावर पन्नासेक किलोमीटरने अॅक्सलचा नट आणि चेन पुन्हा तपासा; नवी चेन असेल तर ती तोवर सैल झालेलीच असते.